डोकुविकी: वाचनालयाच्या संकेतस्थळासाठी कितपत उपयोगाची?

वाचनालयाच्या काउंटरवर रोज येणारे प्रश्न ठरलेले असतात. अनामत किती, अभ्यासिकेत जागा कशी मिळते, सोलापूरच्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वर) यात्रेत वाचनालय कधी बंद होते, जुन्या दैनिकांचे अंक पाहायला कोणाची परवानगी लागते. उत्तरे ग्रंथपालांना आणि दोन-तीन जुन्या सेवकांना तोंडपाठ असतात. संकेतस्थळ असले तरी ते बाहेरच्या कोणी करून दिलेले असते. त्यातली साधी वेळ बदलायची तर त्याला फोन करावा लागतो आणि तो नंबर बदलून गेलेला असतो. ही गाठ सोडवायला विकी हे उत्तम साधन आहे: ज्याला माहिती आहे त्यानेच पान उघडावे, दुरुस्त करावे, जतन करावे. प्रश्न इतकाच उरतो की विकी कोणती घ्यायची.

सोलापुरातल्या लहान-मध्यम सार्वजनिक वाचनालयांसाठी आणि महाविद्यालयीन ग्रंथालयांसाठी आमची शिफारस डोकुविकीची आहे. कारण एकच, पण वजनदार. बसवून देणारा माणूस निघून गेल्यावर काय उरते, या कसोटीला ती उतरते. तिला डेटाबेस लागत नाही. प्रत्येक पान ही एक साधी मजकूर फाइल असते आणि ती नोटपॅडमध्येही उघडते. आंद्रेआस गोर यांनी २००४ साली ती पहिल्यांदा प्रसिद्ध केली, ती मोफत आणि मुक्तस्रोत आहे, आणि आजही तिच्या नव्या आवृत्त्या येत आहेत. मे २०२५च्या आवृत्तीचे नावच ‘लायब्रेरियन’ आहे.

फुकटच्या ऑनलाइन विकी सेवेवर पाने उभारण्याचा मोह होतो, तो टाळावा. शिक्षक आणि ग्रंथपालांमध्ये लोकप्रिय असलेली विकीस्पेसेस ही सेवा २०१८ साली बंद झाली आणि तिथे वर्षानुवर्षे जमवलेली पाने ज्याची त्याला उचलून न्यावी लागली.

आधी एक गैरसमज दूर केलेला बरा. विकी म्हणजे ग्रंथसूची नव्हे. दाखल नोंदवही, देवघेव, वर्गणीचा हिशेब ही कामे कोहा, ई-ग्रंथालय, सोल अशा प्रणालींची. विकीत पुस्तकांची यादी चढवायला घेतली की दोनशेव्या नोंदीपर्यंत उत्साह संपतो, आणि कोणते पुस्तक बाहेर गेले आहे हे विकी सांगूही शकत नाही. विकीवर शोभते ते वेगळे: नियम आणि वेळा, विषयवार वाचन-मार्गदर्शिका, स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी कोणत्या कपाटात काय आहे याची पाने, सेवकांची कामाची पद्धत, आणि स्थानिक इतिहासाच्या नोंदी. अमेरिकेत ओहायो विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २००५च्या सुमारास व्यवसाय-विषयक मार्गदर्शिका विकीवर मांडली, तीही याच जातीची: थोडी पाने, नेमका विषय, आणि ती सांभाळणारा ग्रंथपाल.

बसवताना

ज्या शेअर्ड होस्टिंगवर (अनेकांत वाटलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर) सीपॅनल हा नियंत्रण-फलक आहे, तिथे सॉफ्टॅक्युलस या तयार प्रणाली बसवून देणाऱ्या साधनाच्या यादीत डोकुविकी बहुधा सापडते आणि काही मिनिटांत बसते. हाताने बसवायची तर झिप फाइल चढवून उलगडायची आणि इन्स्टॉलचे पान उघडायचे. अलीकडच्या आवृत्तीसाठी होस्टिंगवर पीएचपी (डोकुविकी जिच्यावर चालते ती संगणक-भाषा) ८ निवडून ठेवावे. जुन्या खात्यांवर अजून सात असते आणि मग पांढऱ्या पानाखेरीज काही दिसत नाही.

इन्स्टॉलच्या पानावर तीन गोष्टी नीट पाहाव्यात. प्रवेशाचे धोरण ‘पब्लिक’ निवडावे, म्हणजे वाचायला सगळ्यांना मुभा आणि लिहायला फक्त खातेदारांना. स्वतःचे खाते स्वतः उघडण्याच्या परवानगीची खूण काढून टाकावी. ही खूण राहिली की काही दिवसांतच औषधांच्या आणि जुगाराच्या जाहिरातींची पाने उगवतात, आणि मग वाचनालयाचे नाव गुगलमध्ये भलत्याच शब्दांशेजारी दिसू लागते. तिसरी गोष्ट परवान्याची: क्रिएटिव्ह कॉमन्सपैकी कोणता परवाना लावायचा हे कार्यकारिणीत ठरवून घ्यावे, कारण नंतर बदलायचा तर आधी लिहिलेल्या सर्वांची संमती लागते. काम झाले की इन्स्टॉलची फाइल सर्व्हरवरून पुसावी.

यानंतरची तपासणी बहुतेक जण विसरतात. ‘डेटा’ नावाचा फोल्डर बाहेरून उघडता कामा नये. ब्राउझरमध्ये त्या फोल्डरमधल्या एखाद्या फाइलचा पत्ता टाकून पाहावा. मजकूर दिसला तर सेवकांसाठीची बंद पानेसुद्धा कोणालाही वाचता येतील. अपाची सर्व्हरवर एचटीअ‍ॅक्सेस फाइल हा दरवाजा बंद करते. एनजिनएक्स या दुसऱ्या प्रकारच्या सर्व्हरवर ती फाइल चालत नाही, तिथे सर्व्हरच्या सेटिंगमध्येच मनाई लिहावी लागते.

परवानग्यांची रचना डोकुविकीत फार चांगली आहे आणि ग्रंथालयासाठी हा मोठा गुण ठरतो. वाचणे, दुरुस्ती, नवे पान, फाइल चढवणे आणि पुसणे अशा चढत्या पायऱ्या आहेत आणि त्या पानागणिक किंवा विभागागणिक लावता येतात. ‘सेवक’ नावाचा विभाग बाहेरच्यांना अदृश्य ठेवून तिथे दाखल करण्याची पद्धत, बांधणीला द्यायच्या पुस्तकांचे नियम, अनुदानाच्या कागदपत्रांची यादी ठेवता येते. मात्र ‘पुसणे’ ही पायरी चित्रे आणि फाइलींपुरतीच आहे. ज्याला दुरुस्तीचा अधिकार आहे तो पानातला सगळा मजकूर काढून जतन करू शकतो आणि पान नाहीसे होते. घाबरण्याचे कारण नाही, जुन्या आवृत्त्यांतून ते परत आणता येते. पण हे सेवकांना आधीच दाखवून ठेवावे. सभासदांची नावे, फोन नंबर, थकबाकी यांतले काहीही बंद विभागातसुद्धा ठेवू नये.

आणखी एक सेटिंग अनेकांना बुचकळ्यात टाकते. नवे पान केले तरी ते गुगलला सापडत नाही, कारण नवी किंवा बदललेली पाने पाच दिवस अनुक्रमित करू नयेत असे डोकुविकी शोधयंत्रांना मुळातच सांगते. ज्या विकीत कोणीही लिहू शकते तिथे हे शहाणपणाचे आहे. बंद नोंदणीच्या वाचनालयात हा अवधी शून्य करून टाकावा, नाहीतर यात्रेच्या सुट्टीची सूचना यात्रा संपल्यावर शोधात यायची.

मराठीत वापरताना

गुणदोषांची खरी परीक्षा इथे होते. इंटरफेसचे मराठी भाषांतर आहे, पण अपुरे. मधूनमधून इंग्रजी बटणे दिसतात. ते सोसता येते. खऱ्या अडचणी पानाच्या नावात, टायपिंगमध्ये आणि शोधात आहेत.

डोकुविकी पानाच्या नावावरूनच फाइलचे नाव बनवते आणि मूळ सेटिंगमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरे होतात. काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. लिनक्सवर फाइलचे नाव २५५ बाइटच्या पुढे जात नाही. ‘स्पर्धा परीक्षा अभ्यासिका प्रवेश’ एवढेच नाव घेतले तरी त्यात २९ चिन्हे आहेत, म्हणजे २६१ अक्षरे झाली. फाइल लिहिली जात नाही आणि पान जतन होत नाही. सेवकाला वाटते आपलेच काही चुकले. फाइलनावाचे एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ केले की चिन्हामागे तीनच बाइट लागतात आणि नाव मावते, पण तीच झिप विंडोजवर उलगडताना नावे विस्कटू शकतात. सर्वांत निर्धोक मार्ग असा: पानाचे नाव छोटे आणि रोमन लिपीत ठेवायचे, शीर्षक मराठीत लिहायचे, आणि पानाच्या नावाऐवजी पहिले शीर्षक दाखवण्याचे सेटिंग चालू करायचे. वाचकाला सगळीकडे मराठीच दिसते. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर दुवा पाठवला की देवनागरी नावातून होणारी टक्क्यांच्या खुणांची दोन ओळींची माळ जात नाही. हे पहिल्या दिवशीच ठरवावे. पानाचे नाव नंतर बदलायची सोय मूळ डोकुविकीत नाही, त्यासाठी ‘मूव्ह’ हे प्लगइन (वरून घालायचा जोड-भाग) लागते.

टायपिंगचा प्रश्न इनस्क्रिप्ट हा कळफलक वापरणाऱ्यांना जाणवतो. विकीच्या खुणा म्हणजे बरोबरचे चिन्ह, चौकोनी कंस, तारांकन, टोपीचे चिन्ह. इनस्क्रिप्टमध्ये त्याच कळांवर ऋकार, ‘ड’, ‘श्र’, ‘त्र’ बसलेले असतात. प्रत्येक शीर्षकासाठी भाषा बदलत बसले की सेवक दोन पानांत कंटाळतो. शीर्षक, ठळक अक्षर, यादी आणि दुवा यांसाठी वरच्या पट्टीतली बटणे वापरायला शिकवावे, म्हणजे खुणा टाइप कराव्याच लागत नाहीत. तक्त्याचे बटण मात्र मूळ पट्टीत नाही. वर्गणीचा तक्ता तर प्रत्येक वाचनालयाला लागतो. त्यासाठी ‘एडिटटेबल’ हे प्लगइन पहिल्याच दिवशी घालावे. रकाने चौकटीत दिसतात आणि भरता येतात. दुसरी नेहमीची तक्रार अशी की पत्ता चार ओळींत लिहिला तरी पानावर एकाच ओळीत येतो. एकदा एंटर दाबल्याने ओळ तुटत नाही. ओळीच्या शेवटी दोन उलट्या तिरप्या रेघा आणि एक मोकळी जागा लागते, किंवा मध्ये एक पूर्ण ओळ रिकामी सोडावी लागते.

जुना मजकूर चिकटवताना सावध राहावे. कित्येक संस्थांचे अहवाल, नियमावल्या, स्मरणिका श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत आहेत. तो मजकूर विकीत चिकटवला की रोमन अक्षरांचा खिचडा दिसतो, कारण तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षर-सांकेतिकेत, नाहीच. परिवर्तकातून काढून घ्यावा आणि नंतर डोळ्यांखालून घालावा. रफार आणि पहिली वेलांटी यांच्या जागा हमखास चुकतात.

शोध हा डोकुविकीचा मराठीतला सर्वांत कच्चा भाग आहे. मूळ सेटिंगमध्ये ती पूर्ण शब्द जुळवते. ‘ग्रंथालय’ शोधले तर ‘ग्रंथालयात’ किंवा ‘ग्रंथालयाचे’ असलेली पाने येत नाहीत. मराठीत शब्द विभक्तीशिवाय क्वचितच वावरतो, तेव्हा या अवस्थेत शोध जवळजवळ निकामी ठरतो. शोधाच्या सेटिंगमध्ये ‘या अक्षरांनी सुरू होणारे’ हा पर्याय कायमचा निवडला की बरेच काम होते. तरी अनेकवचनात किंवा सामान्यरूपात मूळ अक्षरच बदलते तिथे अडते: ‘पावती’ शोधून ‘पावत्या’ मिळत नाहीत, त्यासाठी ‘पावत’ एवढेच टाकावे लागते. शोधचौकटीशेजारी ‘शब्दाचा शेवट गाळून शोधा’ अशी सूचना लावावी आणि महत्त्वाच्या पानांच्या तळाशी एका ओळीत पर्यायी रूपे लिहून ठेवावीत.

त्यातही ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘कर्मचाऱ्यांना’ अशा शब्दांची गंमत नाही, डोकेदुखी आहे. हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: काही कळफलक नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडतात, तर काही साध्या ‘र’ला हलन्त जोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राच्या लेखी मात्र ते वेगळे शब्द असतात. वाचनालयातल्या सर्व संगणकांवर एकच कळफलक ठेवणे हाच यावरचा खरा उपाय.

सेवकांच्या हातात

रोजच्या वापरात डोकुविकी शांतपणे काम करते. एक जण पान दुरुस्त करत असताना ते दुसऱ्यासाठी पंधरा मिनिटे बंद राहते. कोणी दुरुस्ती अर्धवट टाकून चहाला गेले तर तेवढा वेळ थांबावे लागते, आणि संगणक मध्येच बंद पडला तर मसुदा बहुतेक वेळा वाचतो. प्रत्येक जतनाबरोबर जुनी आवृत्ती आपोआप राखली जाते. दोन आवृत्त्या शेजारी ठेवून कोणता शब्द कोणी, कधी बदलला हे पाहता येते. वर्गणी वाढल्याचा ठराव कधी पानावर आला यावर वाद झाला तर उत्तर तिथे आहे, म्हणून प्रत्येकाचे खाते वेगळे असावे. सगळ्यांनी ‘अ‍ॅडमिन’ नावानेच लिहिले तर या सोयीला काही अर्थ उरत नाही.

प्लगइनांचा ढीग करू नये. मूव्ह, एडिटटेबल, आवृत्ती वाढवण्यासाठी ‘अपग्रेड’, एवढ्यावर वाचनालय चालते. पीडीएफ करून देणारे प्लगइन मोहक वाटते, पण देवनागरी फॉन्ट नीट जोडला नाही तर चौकोन छापते किंवा जोडाक्षरे तोडते. ब्राउझरच्या छपाईतून पीडीएफ जतन केली तर अक्षरे सुबक येतात.

मीडियाविकी केव्हा घ्यावी

विकिपीडिया ज्या प्रणालीवर चालते ती मीडियाविकी. तिचा दबदबा मोठा आहे आणि एका कामात ती डोकुविकीपेक्षा निःसंशय सरस आहे: स्थानिक इतिहासाचा मोठा, अनेक हातांनी लिहिला जाणारा संग्रह. सोलापूरचे १९३०चे मार्शल लॉ प्रकरण घ्या. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. सारडा यांचे पहिले नाव कुठे किसन, कुठे श्रीकिसन, कुठे श्रीकृष्ण असे आढळते. कुर्बान हुसेन यांचेही लेखन दोन तऱ्हांचे. मीडियाविकीत प्रत्येक लेखनाचे पुनर्निर्देशन (एका नावावरून दुसऱ्या पानावर आपोआप नेणे) एका ओळीत होते आणि वाचक कोणत्याही नावाने आला तरी त्याच पानावर पोचतो. डोकुविकीत ही सोय मुळात नाही, प्लगइनवर विसंबावे लागते. वर्गीकरण, साचे, बटणांनी चालणारा दृश्य-संपादक, आणि जोडणी (मीडियाविकीचे प्लगइन) घातल्यास पानातच मराठी टाइप करण्याची सोय, हे सगळे मीडियाविकीकडे आहे.

याच संग्रहाची विकिपीडियाला गरजही आहे. मराठी विकिपीडियावर स्वतःचे संशोधन चालत नाही, आधी कुठे प्रसिद्ध झालेले लागते. वाचनालयाच्या विकीवर मात्र ‘या घटनेची बातमी अमुक दैनिकाच्या अमुक तारखेच्या अंकात आहे, तो अंक अमुक कपाटात आहे, कडा फाटलेल्या आहेत’ अशी नोंद करता येते. गिरण्या, पूर्व भागातले माग, चादरीचे कारखाने, सिद्धेश्वर यात्रेतले नंदीध्वज, द्वारकानाथ कोटणीस यांच्याविषयीचे साहित्य, या प्रत्येकावर वाचनालयांकडे काही ना काही पडून असते. ते नुसते कुठे आहे एवढे कळले तरी अभ्यासकाची पायपीट वाचते.

पण मीडियाविकीला डेटाबेस लागतो, दर नव्या आवृत्तीला अद्ययावत करण्याची आज्ञा चालवावी लागते, आणि एखादी जोडणी मागे राहिली की सगळे संकेतस्थळ बंद पडते. बंद पाने ठेवण्यासाठी ती बनवलेलीच नाही; काही पाने झाकण्याच्या युक्त्या आहेत, त्यांवर भरवसा ठेवू नये. संगणक विभाग असलेल्या महाविद्यालयाने किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ती जरूर घ्यावी. तीन सेवकांच्या वाचनालयाने घेऊ नये.

सोलापुरात वाचक मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूही वाचतात. डोकुविकीचे ‘ट्रान्सलेशन’ प्लगइन प्रत्येक भाषेसाठी वेगळा विभाग करते आणि पानावर भाषांचे दुवे देते. वेळा, सभासदत्व आणि त्या भाषेतल्या पुस्तकांचे कपाट, एवढी तीन पाने त्या भाषेत असावीत. त्याहून जास्त केली तर मराठी पान बदलते आणि तेलुगू पानावर जुनीच वर्गणी राहते.

स्कॅन चढवताना पहिला अडथळा आकाराचा येतो. पीएचपीची मूळ मर्यादा दोन एमबी असते आणि फोनवर काढलेला जाहीरनाम्याचा फोटो सहज तीन-चार एमबी भरतो. होस्टिंगच्या सेटिंगमध्ये ही मर्यादा वाढवता येते. दुसरा अडथळा स्वामित्वहक्काचा. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो, तेव्हा पुस्तक किंवा लेख जुना दिसतो म्हणून चढवू नये. शंका असेल तिथे प्रतिमा न देता नोंद द्यावी.

डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर घ्यावे. दर महिन्याला ‘कॉन्फ’ हा फोल्डर आणि ‘डेटा’मधले पाने, चित्रे, मेटा व जुन्या आवृत्त्यांचे फोल्डर झिप करून पेनड्राइव्हवर उतरवावेत. कॅशे आणि इंडेक्स घेण्याची गरज नाही, ते पुन्हा तयार होतात. प्रत घेतली एवढ्यावर थांबू नये. विंडोजच्या संगणकावर पेनड्राइव्हवरूनच चालणारी डोकुविकी मिळते, तिच्यात हे फोल्डर ठेवून वर्गणीचे पान उघडून पाहावे. होस्टिंग घेण्याआधी सेवकांना सराव द्यायलाही हीच वापरता येते, तिला इंटरनेटसुद्धा लागत नाही.